इवलीला हवं डबकं

फार मागची गोष्ट. देवीच्या डोंगरावर भेक, म्हणजे खरखरीत अंगाचे बेडूक, राहायचे. तिथे जातीजातीचं डबकं वेगळं होतं, आणि कोण कुठल्या जातीचं ते म्हातारे वाकोबा गवताच्या काडीनं मापून ठरवायचे.

एकदा बोराएवढी इवली बेडकी धापा टाकत आली. ऊन चढत होतं, कातळ तापत होता.

वाकोबांनी काडी लावली. "अगं, तू तर आमचंच पिल्लू! मोठी हो, मग ये. पिल्लांना डबकं मिळत नाही."

"आजोबा, आमच्यात एवढंच वाढतात. मला अंडी घालायचीत!"

"अंडी कसली? मुंग्या जास्त खाल्ल्यास!" सगळे हसले.

इवलीला कळ आली. आता अंडी कातळावरच सुकणार! तिनं मनोमन देवीला हात जोडले आणि लाज सोडून उताणी झाली. पोटाच्या पातळ कातडीखाली मोहरीसारखी काळी अंडी दिसत होती.

हसू थांबलं.

"पिल्लाच्या पोटात अंडी नसतात," वाकोबा पुटपुटले. "चुकलो मी. ही जातच नवी आहे. काय बरं नाव द्यावं हिला?"

"नाव सावकाश द्या, आजोबा," इवली कळवळली, "आधी पाणी द्या!"

वाकोबा स्वतःच्या डबक्यातून उठले.

इवलीला जशी वेळेवर जागा मिळाली, तशी देवी साऱ्यांना देवो.