मापातली वाटी

“…पण दिसतच नाही, चाचा, तर ओळखायचा कसा?”

अभिनंदन माणगावे मोटारीतून उतरला तो थेट फकिराच्या तकियाच्या ओट्यावर. एवढा शिकला, पण बूट काढायचं भान नाही.

हमीदचाचा कबुतरांसाठी जोंधळे निवडत होते. फकिरी घेण्याआधी ते टेलिफोन खात्यात तारा जोडायचे. अभिनंदन पहिली तार त्यांच्याच हाताखाली शिकला. आता मोठा इंजिनिअर.

“काय दिसत नाही?”

“बोगदा.”

“डोंगर कुठाय?”

“थट्टा नको, चाचा. इंटरनेटवर यंत्रांना पत्ते असतात. जुने पुरेनात, म्हणून नवे काढले. जुन्या वाटेला नवा पत्ता वाचता येत नाही. मग नवा निरोप जुन्या पत्त्याच्या पाकिटात घालून पलीकडं काढतात. तो बोगदा. आमच्या वाटेवर कुणीतरी केलाय, आणि नोंद कुठंच नाही.”

“कशावरून?”

“लहान निरोप पोचतात. मोठा पाठवला की गडप. पोचला नाही, एवढंसुद्धा कुणी कळवत नाही.”

चाचा निवडत राहिले…

“आप्पा कसे आहेत?”

वडलांचं नाव निघताच अभिनंदनचं तोंड कडू झालं.

“गावाहून आणून चार महिने झाले. चहा घ्या म्हटलं, घेतात. झोपा म्हटलं, झोपतात. चार गोष्टी समजावायला गेलं की भिंतीकडं बघतात. काल वॉचमननं पत्ता विचारला, तर गावातलाच सांगितला! वृद्धाश्रमाचा फॉर्म भरलाय. सोमवारी पोचवायचं.”

“त्यांना विचारलंस?”

“अख्खा फॉर्म वाचून दाखवला. हूं नाही की चूं नाही.”

…

चाचांनी शेराचं माप काठोकाठ भरलं. सुपात रिकामं केलं.

“डोळे मीट.”

मिटले. चाचांनी मापाच्या तळाशी एक वाटी पालथी ठेवली. मग त्याच्या हातात सूप देऊन ते मापावर नेलं.

“तेवढेच जोंधळे आहेत. परत ओत.”

ओतले. दाणे बुटांवर सांडले. कबुतरं भर्रकन उतरली.

“डोळे उघडू नकोस. सांग.”

“मघाशी मावले, आता मावत नाहीत… म्हणजे आत कशानं तरी जागा खाल्लीय.” त्यानं खाडकन डोळे उघडले. “सापडलं! भरमापाचा निरोप पाठवायचा. मग थोडा थोडा लहान करत जायचं. ज्या मापाचा पोचेल, तेवढी जागा मोकळी. कमी पडली, तेवढं पाकीट! आत न बघता बोगदा कळला!”

ऑफिसात कळवायला त्यानं फोन काढला. अंगठा नंबरावर गेला…

आणि तिथंच राहिला.

त्याची नजर मापाकडं गेली. मग खाली बसला. बूट काढले.

“चाचा… सोमवारी…”

त्यानं फोन खिशात घातला.

“आप्पांच्या आत जे आहे ते काढायचं कसं?”

चाचांनी सांडलेला एक दाणा उचलला. त्याच्या तळहातावर ठेवला.

“काढतोस कशाला, लेकरा? कमी ओत.”