पोचलेल्या माणसाने विचारलेला पत्ता

एकदा एक गजाराम होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि वरात निघण्याआधीच स्वतः डुलायचा. हसू नका, डुलणारे आपल्याही नात्यात निघतील. या गजारामाने दारू चार वेळा सोडली होती आणि चारही वेळा पाचव्या दिवशी पुन्हा धरली होती. आज पाचवा दिवस होता. हात कापत होते, डोकं शिशासारखं जड झालं होतं, आणि सकाळी बायकोने भांडणसुद्धा केलं नव्हतं. नुसतं म्हणाली, "मी दमले आता." भांडणारी बायको परवडते. दमलेलीची भीती वाटते.

तालुक्याच्या गावी रविवारी दुपारी चारला दारू सोडणाऱ्यांची सभा भरते, एवढं त्याच्या कानावर आलं होतं. कुठे भरते, ते आलं नव्हतं. विचारावं म्हटलं तर 'दारू सोडणाऱ्यांची' हे शब्द काही केल्या ओठांबाहेर पडेनात. भर बाजारात झिंगून पडताना न लाजलेला हा पुरुष शुद्धीत लाजला! म्हणून तो एवढंच विचारी, "इथं सभा कुठं चाललीय हो?"

आपल्याकडे सभांना काय तोटा? पहिल्याने त्याला हास्यक्लबात धाडलं. तिथे पंधरा मिनिटं हात वर करून हसावं लागलं. दुसऱ्याने वधूवर मेळाव्याचा रस्ता दाखवला. तिथे एका आजीने सरबत देऊन विचारलं, "मुलगा काय करतो?"

"मुलगा नाही आजी, मी एकटाच आलोय."

"अगं बाई! या वयात?"

तिसऱ्याने एका सोसायटीच्या गच्चीवर चढवलं. तिथे पाण्याच्या टाकीसाठी त्याने मतही देऊन टाकलं.

साडेपाच वाजले. पायांचे तुकडे पडायची वेळ आली, तेव्हा तो नगरपालिकेच्या शाळेच्या कट्ट्यावर टेकला. सहज मागे पाहिलं तर खिडकीतून एका वर्गाचा फळा दिसला. फळ्यावर लिहिलं होतं, 'आजचा दिवस पिणार नाही.' आत एक म्हातारा खुर्च्यांवर खुर्च्या रचत होता. सरकारी दवाखान्यातला हा निवृत्त कंपाउंडर सव्वीस वर्षं दारूला न शिवता कोरडा होता. लोक त्याला आबा म्हणत.

"संपली का सभा?" गजारामाने दारातून विचारलं.

"संपली. सगळे गेले."

"मग माझंही संपलं, आबा." गजाराम उंबऱ्यावरच बसला आणि आपलं नाव, पाचवा दिवस, दुपारची सगळी यात्रा त्याने सांगितली. गोष्ट टाकीपाशी आल्यावर म्हातारा एवढा हसला की कवळी सावरावी लागली. मग हातातली खुर्ची खाली ठेवून म्हणाला, "आता असं कर. समोरच्या पानटपरीवर जा आणि विचार, दारू सोडणाऱ्यांची सभा कुठं भरते. अगदी याच शब्दांत. मोठ्याने."

"अहो, मी सभेच्या दारात बसलोय!"

"दिसतंय. चष्मा आहे मला."

"मग दमलेल्या माणसाची थट्टा कशाला?"

"विचारून आलास तर आपण दोघं पुन्हा सभा भरवू. नाहीतर मी कुलूप लावतो. सुनेनं चहा टाकला असेल."

फाटकासमोर डावीकडे टपरी होती, उजवीकडे दारूचं दुकान. गजाराम फाटकात बराच वेळ उभा राहिला. उजवीकडे पाय आपोआप वळत होते. त्यांना तो रस्ता शिकवावा लागत नव्हता. शेवटी तो डावीकडे गेला. "दारू सोडणाऱ्यांची सभा कुठं भरते हो?" आवाज फाटला, पण शब्द सगळे बाहेर आले.

पानवाल्याने चुना लावता लावता मानही वर केली नाही. "समोर, शाळेत. दुसरी ब. उशीर केलात, पण म्हातारा असेल अजून." झालं! आभाळ कोसळलं नाही. गिऱ्हाइकांची कांद्याच्या भावावरची चर्चासुद्धा थांबली नाही. फक्त इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ पान चघळता चघळता थांबला.

गजाराम परतला, तर मागून पावलं वाजली. तोच गृहस्थ दाराशी उभा होता. "मी पण... आलो तर चालेल?"

"या. आधी नळावर चूळ भरून या," आबा म्हणाले.

तो नळाकडे गेल्यावर गजारामाने हळूच विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"चार रविवार तो त्या टपरीवर उभा असतो. वास झाकायला पानावर पान खातो आणि या खिडकीकडे बघत राहतो. मी हात धरायला गेलो असतो तर पळाला असता. सव्वीस वर्षं कोरड्या राहिलेल्या म्हाताऱ्याचा धाक वाटतो, गजा. पाचव्या दिवशी थरथरणाऱ्याचा वाटत नाही. पत्ता तू विचारलास, पण ऐकायचा होता त्याला."

"पण आबा, माझेच पाय लटपटतायत. मी कुणाला काय आधार देणार?"

"आधार कुणी मागितलाय? बाकावर बस."

गृहस्थ आत आला. गजारामाने सरकून त्याला शेजारी जागा दिली. "तुम्हालाही सभा सापडत नव्हती का हो?"

"सापडायची काय?" तो गृहस्थ फळ्याकडे पाहत म्हणाला. "अकरा वर्षं शिकवतोय इथं. हा माझाच वर्ग आहे."

पोरांच्या त्या ठेंगण्या बाकावर दोन थोराडांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. गुरुजींनी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"सावकाश होऊ द्या, गुरुजी," गजाराम म्हणाला. "आधी मी सांगतो."