तोफनौका आणि बोंबलांचे मांडव

साहेबाचं आरमार समुद्रावर माजलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एक तोफनौका खाडीच्या चिखलात रुतली. ओहोटी लागली की ती आडवी पडून मोडणार होती. कोळ्यांच्या होड्या दोर लावून तिला ओढू लागल्या, तरी बाईंचा तोरा जाईना!

"इथलाच लाकडी किल्ला मी एका सकाळी उडवला होता, म्हातारे," ती पुढच्या जुन्या होडीला म्हणाली.

"किल्ला? अगं बये, ते बोंबील वाळत घालायचे मांडव होते. मागे आमची घरं होती. माझा नाखवा तिथंच गेला."

तोफनौका म्हणाली, "दोर सोड. मोडू दे मला."

"गप बस! तुझ्या पोटात माणसं आहेत."

खोल पाण्यात आली की भोंगा वाजवून मिरवायची तोफनौकेची खोड होती. त्या दिवशी होड्यांनी तिला खोल पाण्यात आणलं, पण तिने भोंगा वाजवला नाही.