सर्व शांत

"...म्हणजे दोष सेलांचाच झाला ना, चाचा?"

दाऊदचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर सूप घेऊन ते सुका जवळा निवडत होते.

विश्राम तांडेल उंबऱ्यातच उभा राहिला. काखेत नोंदवही, हातात स्कॅनर. मच्छीमार सोसायटीच्या टेकडीवरच्या खोलीत बसून त्या यंत्रावर होड्यांची वायरलेसवरची बोलणी ऐकायची आणि वहीत लिहायची, हे काम चाचांनी वीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी विश्रामला शिकवून त्यांनी ते त्याच्या हाती दिलं.

"उद्या सभा आहे," विश्राम म्हणाला. "तुम्ही एवढंच सांगा, की चार्जिंगचे सेल दगा देतात. साधे असते तर हे झालं नसतं. तुमच्या शब्दापुढे कोणी बोलणार नाही."

"दत्तारामची बायको येणार आहे सभेला?"

"...येईल."

चाचांनी जवळ्यातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"सेलांचं मला पुन्हा सांग. गणपतीत तूच शिकवून गेलास."

विश्रामला आठवलं. नवा चार्जर दाखवायला तो उत्साहानं आला होता. साधे सेल वापरायचे आणि फेकायचे हा अडाणीपणा झाला, असं म्हणाला होता. चाचांच्या दाराच्या फळीवर खडूनं दोन सेलांच्या दोन रेघाही काढल्या होत्या. त्या अजून तिथेच होत्या, पुसट.

"साधा सेल उताराला लागल्यासारखा जातो," तो म्हणाला. "आवाज बारीक होतो, पडद्यावर खूण लुकलुकते. बराच वेळ आधी कळतं. चार्जिंगचा शेवटपर्यंत एकसारखा चालतो आणि..."

"आणि?"

"एकदम पडतो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

विश्रामनं वही दुसऱ्या काखेत घेतली.

"आणि खरखर?"

"कसली खरखर?"

"कोणी बोलत नसलं की यंत्र खरखरतं. मी ती बारीक चालू ठेवायचो. तू म्हणालास, म्हातारा कान किटवून घेतो."

"ती बंद करायला बटण दिलेलंच असतं, चाचा. सगळेच बंद करतात. कोणी बोललं की आवाज आपोआप येतो."

"सेल जिवंत असले तर."

चाचांनी हात पुढे केला. विश्रामनं स्कॅनर दिला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, चारही सेल सुपात पाडले आणि रिकामं यंत्र परत त्याच्या हातात ठेवलं.

"बस. ऐक. काय ऐकतोस ते वहीत लिही."

"थट्टा करताय?"

"लिही."

विश्राम बसला. सेल नसलेलं यंत्र त्यानं कानाला लावलं. चौतिशीचा माणूस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. बाहेरून कोणी बघत नाही ना, हे त्यानं आधी पाहिलं. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"यंत्र बंद. काही ऐकू येत नाही."

"आता मंगळवारचं पान काढ."

ते पान त्यानं दोन दिवसांत उघडलं नव्हतं. अक्षर नेहमीसारखं नेटकं होतं, खाली पट्टीनं मारलेली रेघ.

"वाच."

"दुपारी चार दहा ते चार पन्नास..." तो थांबला.

"पुढे."

"सर्व शांत."

त्या चाळीस मिनिटांत 'जलदेवी' होडीत पाणी भरत होतं आणि दत्ताराम कुबल वायरलेसवर एकसारखा हाका मारत होता. रिकाम्या पिंपाला धरून तरंगलेल्या दोघा खलाशांनी ते किनाऱ्यावर आल्यावर सांगितलं. दत्ताराम आलाच नाही. सेल पडून यंत्र मुकं झालंय हे न कळता विश्रामनं त्या वेळात थर्मासमधला चहा प्यायला होता. आज दर्या शहाण्यासारखा वागतोय, असंही त्याच्या मनात आलं होतं.

"हे सेलांनी लिहिलं?" चाचांनी विचारलं.

"...नाही."

सुपातला जवळा चाचांनी एकदा पाखडला. चार सेल त्यात खडखडले.

"मग उद्या मी सांगू काय?" विश्रामनं विचारलं.

"दोन्ही पानं वाचून दाखव. आधी मंगळवारचं, मग आजचं."

"लोक मला पुन्हा त्या खोलीत बसू देणार नाहीत."

"देतील. तिथे बसायला दुसरं कोण तयार आहे?"

विश्रामला तेवढंही बरं वाटलं. लगेच आपल्याला बरं वाटल्याची त्याला लाज वाटली.

चाचांनी सेल लुंगीच्या टोकाला पुसले आणि एकेक करून परत यंत्रात बसवू लागले.

"हेच घालताय? मी साधे आणलेत पिशवीत."

"हेच. काल चार्ज केलेस ना?"

"हो."

"मग झालं."

त्यांनी यंत्र सुरू केलं आणि बटण फिरवलं. खरखर सुटली. पत्र्यावर कोणी सुकी वाळू ओतत राहावं तशी ती त्या लहानशा खोलीत भरत गेली. विश्रामला वाटलं, तिच्या आतून कोणीतरी बोलतंय. त्यानं कान दिला. कोणी बोलत नव्हतं.

तरी ऐकणं त्याला थांबवता येईना.

"जरा बारीक करू?"

"नको."

"चाचा, हे दिवसभर कानाशी... फार त्रास होतो."

चाचांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"त्रास होतोय तोवर सेल चांगले आहेत."