बांबूवरच्या खुणा

“तोच हलला तर सगळंच हललं ना, सर?”

प्रज्योतने आल्या आल्या हे विचारलं. तलावाच्या पाळीवर बसून बोरकुटे सर जाळं सांधत होते. उभा जन्म माशांच्या संशोधनात घालवून ते आता या मत्स्यबीज केंद्राच्या तलावाकाठी राहायला आले होते. मान वर न करता ते म्हणाले, “कोण हलला?”

“अ‍ॅक्टिन.”

सरांनी जाळ्याला आणखी एक गाठ मारली.

पेशीत एखादा जीन किती काम करतो हे मोजायचं, तर न बदलणारा एक जीन शेजारी धरावा लागतो. बाकीच्यांचं मोजमाप त्याच्या मानाने. प्रज्योतने अ‍ॅक्टिन धरला होता. मासे मात्र साधे नव्हते. रोहूच्या अंड्यांना उष्णतेचा झटका देऊन त्याने गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेले मासे तयार केले होते. त्यांच्यात वाढीचा जीन दुप्पट चालतो, असं प्रबंधात छातीठोकपणे लिहिलंही होतं.

प्रबंध सोमवारी द्यायचा होता. आज शुक्रवार.

“मागे तुला विचारलं होतं, अ‍ॅक्टिन तपासला का म्हणून,” सर म्हणाले.

तेव्हा प्रज्योत हसला होता. अ‍ॅक्टिन कोण तपासतं, असं म्हणाला होता. आज त्याला ते हसू आठवलं आणि लाज वाटली.

“काल तपासला, सर. तीन संचांच्या माशांत तो निम्म्यावर आलेला दिसतोय. पण साध्या रोहूत तो कधीच हलला नाही. सगळे तोच घेतात…”

“पाणी किती आहे, बघून ये.”

“सर, माझा जीव टांगणीला लागलाय.”

“दिसतंय. पाणी बघून ये.”

काठाजवळ पाण्यात एक बांबू रोवलेला होता. त्यावर खालून वर रंगाच्या खुणा होत्या. प्रज्योत पँट दुमडून आत उतरला.

“आठ खुणा बुडाल्यात.”

“गेल्या आठवड्यात सात होत्या.”

“म्हणजे पाणी चढलंय.”

“पाऊस आला का?”

“नाही.”

“नहरीचं पाणी सुटलं?”

“नाही…”

सर जाळं बाजूला ठेवून पाण्यात उतरले. बांबूच्या शेंड्यावर तळवा ठेवून त्यांनी जरासं दाबलं. नववी खूण पाण्याखाली गेली.

“बघ, अजून चढलं.”

प्रज्योत त्या खुणेकडे बघत राहिला. मग त्याने बांबू हाताने धरला.

“हा बांबू पलीकडच्या तलावात अकरा वर्षं जागचा हलला नाही,” सर म्हणाले. “तिथे खाली मुरूम आहे. म्हणून मी डोळे झाकून इथे आणून रोवला. इथे गाळ आहे.”

“मग पक्का कुठला रोवू?”

“पाच रोव. वेगवेगळ्या जागी.”

“त्यातला पक्का कुठला?”

“मला काय ठाऊक?”

“मग कळणार कसं, सर?”

“रोज पाचही वाच. कोणाचं कोणाशी पटतं ते बघ. जो एकटाच वेगळं सांगेल, तो काढून टाक.”

“पाच जीन असे तपासायला महिना लागेल. सोमवारी…”

गुडघाभर पाण्यात दोघं उभे होते. प्रज्योतचा हात अजून बांबूवर होता.

त्याने विचारलं, “आणि महिनाभर मोजून ती दुप्पट वाढ नसलीच तर? चार वर्षं गेलीत, सर. मला भीती वाटते.”

सरांनी त्याचा हात हलकेच सोडवला. बांबू उपसून काढला आणि चिखलासकट त्याच्या हातात दिला.

“वाढलो, असं पाणी कधी म्हणालं होतं तुला?”