पितळी वाटी

"मग माझंच पोर मागं का, माय?"

शेवंतानं दहा महिन्यांचा विलास मांडीवर घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडली. आत मीठ-मोहऱ्या.

हौसामायनं चार गावांची बाळं न्हाऊ घातली. तिला अक्षर येत नाही. तरी शाळा शिकलेल्या सुना तिला विचारूनच पोराला पहिला घास देतात.

माय बाजरी निवडत होती.

"दृष्ट काढायची?"

"काढायची न्हाई. उलटवायची. मंदाच्या पोरावर."

मंदा म्हणजे शेवंताची धाकटी जाऊ. मायचा हात सुपातच थांबला.

"त्यानं काय केलं तुझं?"

"माझ्या विलासचं वाढणं वढून घेतलं. पंधरा दिवसांनी धाकला हाय तो किसन. तरी चौथ्या महिन्यात पालथा पडला. सहाव्यात बसला. नागपंचमीला उंबरा वलांडला, तर सासूनं नारळ फोडला. काल दुपारी बिगरआधाराचा हुबा ऱ्हायला. पाच श्वास. मी मोजलं."

"दात?"

"चार. वर दोन, खाली दोन. पाचवा डावीकडं येतोय, हिरडी पांढरी झालीय."

"लई ध्यान ठेवतीस."

शेवंताला ते कौतुक वाटलं. मान आणखी ताठ झाली.

"आन् ह्याचे?" मायनं विलासकडं बघितलं.

"ह्याचे कुठले... बोळका हाय. तेच तर सांगते. एका घरात, एका चुलीवर दोन पोरं, आन् समदं तिच्याच पदरात."

माय उठली. पितळी वाटीत पाणी घेऊन आली आणि विलासच्या ओठाला वाटी लावली.

टक्.

शेवंतानं मागं वळून दाराकडं बघितलं.

मायनं वाटी परत लावली.

टक्.

"बोट घाल."

"कुठं?"

"पोराच्या तोंडात. आनि कुठं."

शेवंतानं बोट घातलं. खालच्या हिरडीवर काहीतरी टोचलं. तांदळाच्या कणीएवढं. विलास कचकन चावला आणि हसला. तिनं बोट काढलं नाही.

"कधी आला ह्यो?"

"आताच फुटलाय. कालच्या दुपारचा असंल."

काल दुपारी शेवंता मंदाच्या खोलीच्या दारात उभी होती.

मायनं सूप परत मांडीवर घेतलं. खडे वेचू लागली. विलास आईचं बोट चघळत राहिला.

शेवटी शेवंतानं पदराकडं बघितलं. मोहऱ्या मांडीवर सांडल्या होत्या. तिनं एकेक वेचून मुठीत धरल्या.

"मग ह्या मोहऱ्यांचं काय करू, माय?"

"चूल एकच हाय न्हवं? आमटीला फोडणी दे. आन् आज मंदाला आधी वाढ."