पालथा माठ

“सांगा बुवा, बाईनं चाकाला हात लावावा की नाही? होय तर होय, नाही तर नाही. या उन्हात टेकडी चढून आलोय आम्ही.”

मंजुळा उभ्यानंच बोलली. तिची सासू भामाबाई मागून आल्या आणि गुडघे धरून ओट्यावर टेकल्या.

सोनबुवा मठीत एकटेच राहत. ते वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चाक कुणाचं?”

“माझं. चाक माझं, भट्टी माझी. नवरा गेला तेव्हा दारात चार फुटकी मडकी होती. आज माझे माठ तीन तालुक्यांत जातात.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“मला नाही विचारायचं. यांना विचारायचंय.”

भामाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, “आमच्यात बाई माती तुडवती, मडकं थापती, भट्टी लावती. चाकाला शिवत नाही. शिवली तर भट्टीत माल तडकतो. माझ्या सासूनं पाळलं, मी पाळलं. आता ही म्हणती, पाच बायकांना चाकावर बसवते!”

“मग काय करू? पुरुष कारागीर बाईच्या हाताखाली टिकत नाहीत. त्या पाच जणी बसल्या नाहीत, तर उन्हाळ्याचा माल निघायचा नाही. धंदा बसेल.”

“बुवांनी हो म्हटलं, तर मी तोंड उघडणार नाही. पण जागा माझ्या नावावर हाय. नाही म्हटलं, तर उद्या कुलूप. आणि बापू हाय की अजून! जुना कारागीर. गुडघ्यांपायी मी कामावर फिरकत नाही, पण माल बघते की. काय हात त्याचा!”

मंजुळानं मान दुसरीकडे वळवली.

“बुवा, आधी पाणी द्या,” भामाबाई म्हणाल्या. “घसा सुकला.”

“पाणी विहिरीत आहे. रांजण फुटला, भरून ठेवायला भांडं नाही.”

मंजुळानं कोपऱ्याकडे पाहिलं. रांजण फुटल्याचं ऐकून मागच्या आठवड्यात तिनंच बुवांना माठ आणून दिला होता. तो तिथं पालथा पडला होता.

“हा का पालथा?”

“घडवणाऱ्याच्या हातून मिळाला नाही, म्हणून. मी विचारलं, कुणी घडवला. तू म्हणालीस, बापूनं. बापूला पाठव. तो देईल, मग भरीन.”

“एवढ्यासाठी…”

बुवांनी माठ मांडीवर ओढला. त्याच्या गळ्याशी नखाची एक कोर उमटवलेली होती. बुवांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

“ही कोर कसली?”

“बापूची खूण. त्याच्या प्रत्येक मडक्यावर असते.”

“बापूचं बोट इतकं नाजूक?”

मंजुळाला परवाचा व्यापारी आठवला. माठ वाजवून बघत तो म्हणाला होता, ‘बापूचा हात हल्ली फार हलका झालाय हो, ताई.’ ती हसली होती. त्याला चहा पाजला होता.

“बापू येणार नाही,” ती म्हणाली.

“का?”

“संक्रांतीची सुगडी काढली आणि गेला. बाईची बोलणी खात नाही म्हणाला.”

भामाबाईंचा पदर हलायचा थांबला.

“मंजुळे… मग चाकावर कोण बसतंय?”

मंजुळानं वाकून माठावरच्या कोरीत आपलं नख टेकवलं. ते नेमकं बसलं.

“मी. हा माठ मी घडवला, आत्याबाई. संक्रांतीनंतर भट्टीतून निघालेलं एकूण एक मडकं माझ्या हातचं. खूण तेवढी बापूची.”

“आणि माल… तडकला न्हाई?”

“तडकतो की. बापूचा तडकायचा तेवढाच.”

बुवा उठले. माठ उताणा केला, विहिरीवर नेऊन धुतला, भरला आणि वाऱ्याच्या तोंडाला ठेवला. पुन्हा मंजिऱ्या चोळायला बसले.

भामाबाई माठावर नजर लावून बसल्या होत्या, जणू आत्ता तडा जाईल, मग जाईल. तडा गेला नाही. माठ आधी काळपट झाला, मग त्याला घाम सुटला. त्यांनी दोनदा आवंढा गिळला.

मंजुळाला राहवलं नाही. तिनं बुवांचे पाय धरले.

“बुवा, एकदा हो म्हणा. एवढा एक शब्द द्या.”

“मी हो म्हणालो, तर उद्या नाही म्हणायलाही मीच.”

“मग मी रिकामीच जाऊ?”

…

सावल्या ओट्यावर आल्या. बुवांनी तांब्या बुडवला आणि भामाबाईंपुढे धरला.

त्यांनी तांब्याकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग डोळे मिटून घोट घेतला… आणि तांब्या खाली आला तो रिकामाच.

पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, “ते पाण्याचं झालं. माझ्या प्रश्नाचं काय? बाईनं चाकाला हात लावावा, का न्हाई?”

बुवांनी तांब्या पुन्हा माठात बुडवला.

“अजून देऊ?”